इथिल ॲसिटेट : एका फळगंधी विद्रावकाचे रसायन आणि व्यवहार

इथिल ॲसिटेट हा रंगहीन, पाण्याहून हलका आणि उघड्यावर ठेवला असता पाहता पाहता उडून जाणारा द्रव असून, पिकलेल्या नासपतीची किंवा सफरचंदाची आठवण करून देणारा त्याचा गोडसर वास नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवामुळे अनेकांच्या परिचयाचा असतो. वेफर्सच्या पाकिटाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवणारा गोंद, त्या पाकिटावरची शाई, लाकडी सामानावरचा चकचकीत लेप, औषधांचे शुद्धीकरण आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतील रोजचे काम या सर्व ठिकाणी तो वापरला जातो, परंतु तयार वस्तूत त्याचा मागमूस उरू नये अशीच अपेक्षा असते. विद्रावकाचे काम पदार्थ विरघळवून हव्या त्या जागी नेणे आणि मग निघून जाणे एवढेच असते. ते काम इथिल ॲसिटेटइतक्या सहजपणे करणारे आणि तरीही माणसाच्या शरीराला तुलनेने सौम्य असणारे द्रव फार थोडे आहेत. या सहजपणाचे मूळ त्याच्या रेणूच्या रचनेत आहे आणि त्याच रचनेतून त्याच्या निर्मितीतील अडचणी व वापरातील धोकेही निघतात, म्हणून गुणधर्मांची यादी वाचण्यापेक्षा त्या रचनेपासून सुरुवात करणे अधिक उपयोगाचे ठरते.

आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग होताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडून जे संयुग तयार होते त्याला एस्टर म्हणतात. व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल आणि मद्यातील इथेनॉल यांच्या अशा संयोगातून इथिल ॲसिटेट तयार होते व त्याच्या रेणूत कार्बनचे चार, हायड्रोजनचे आठ आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. नेमके हेच चौदा अणू निराळ्या क्रमाने जोडले गेले, तर ब्युटिरिक आम्ल हे संयुग मिळते, ज्याला खवट लोण्याचा उग्र दर्प असतो आणि जे उकळण्यासाठी सुमारे १६४ अंश सेल्सिअस तापमान लागते. इथिल ॲसिटेट मात्र ७७.१ अंशांनाच उकळते. दोन्ही रेणूंचे वजन सारखे असताना एवढा फरक पडतो, कारण आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन अणू असतो आणि तो शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जाऊन ज्याला हायड्रोजन बंध म्हणतात तशी जोडणी निर्माण करतो. एस्टरमधील सर्व हायड्रोजन कार्बनला जोडलेले असल्यामुळे त्याच्या रेणूंना एकमेकांशी असे बंध जोडता येत नाहीत. ज्या दोन पदार्थांपासून ते बनते त्यांपैकी ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना आणि इथेनॉल ७८.४ अंशांना उकळते, म्हणजे वजनाने दोघांपेक्षा जड असलेला हा रेणू दोघांच्याही आधी वाफ होऊन निघतो.

स्वतःकडून हायड्रोजन देऊ न शकणारा हा रेणू दुसऱ्याचा हायड्रोजन स्वीकारू मात्र शकतो, कारण त्याच्या दोन ऑक्सिजन अणूंवर पुरेसा ऋणभार असतो. या एकतर्फी क्षमतेमुळे त्याला पाणी आणि तेल यांच्या मधली जागा मिळते. २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ८ ग्रॅम इथिल ॲसिटेट विरघळते, तर इथिल ॲसिटेटमध्ये सुमारे ३ टक्के पाणी मावते. त्यापलीकडे दोन्ही द्रव वेगळे थर करतात आणि ०.९० घनतेचा एस्टरचा थर वर तरंगतो. प्रयोगशाळेतील पृथक्करण नरसाळ्यात एखाद्या अभिक्रियेचे जलीय मिश्रण इथिल ॲसिटेटबरोबर हलवले की सेंद्रिय पदार्थ वरच्या थरात येतात, क्षार खालच्या पाण्यात राहतात, आणि वरच्या थरात शिरलेले पाणी संपृक्त मिठाच्या द्रावणाने धुऊन बरेचसे बाहेर काढता येते. याच कामासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायइथिल ईथर ३५ अंशांखालीच उकळते आणि साठवणीत त्याची स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात, तर क्लोरोफॉर्म आणि डायक्लोरोमिथेन यांसारखी क्लोरीनयुक्त विद्रावके आरोग्याच्या दृष्टीने अधिक संशयास्पद आहेत; त्या मानाने इथिल ॲसिटेटची निवड शहाणपणाची ठरते. सिलिकाच्या पातळ थरावर मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या वर्णलेखन पद्धतीत हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट यांचे मिश्रण वापरले जाते, आणि त्यात एस्टरचे प्रमाण वाढवत गेले की सिलिकाला घट्ट धरून बसलेले ध्रुवीय पदार्थही क्रमाने सुटू लागतात. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाताखालून हे मिश्रण जितके जाते तितके दुसरे क्वचितच जात असेल.

त्याच्या वासाचाही संबंध रेणूंना एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडता न येण्यामुळे आलेल्या सैलपणाशी आहे, कारण पदार्थ नाकापर्यंत पोहोचायचा तर त्याचे रेणू आधी द्रवातून सुटून हवेत यावे लागतात. सफरचंद, नासपती, अननस, स्ट्रॉबेरी या फळांच्या सुगंधात इथिल ॲसिटेट असतेच. मात्र कोणत्याही फळाचा वास एका रेणूचा नसतो, तो अनेक एस्टर, अल्डिहाइडे आणि अल्कोहोले यांच्या ठरावीक प्रमाणातील मेळातून घडतो. किण्वनाच्या वेळी यीस्टच्या पेशीही हा पदार्थ तयार करतात, त्यामुळे तो बिअरमध्ये आणि वाइनमध्ये स्वाभाविकपणे आढळतो. अल्प प्रमाणात तो वाइनला फळांचा ताजेपणा देतो, परंतु लिटरमागे साधारण १५० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की तोच वास गोंदासारखा किंवा नेलपॉलिशसारखा जाणवू लागतो आणि वाइन बिघडल्याचे ते लक्षण मानले जाते. फुटलेल्या द्राक्षांवर वाढणारी हॅन्सेनियास्पोरा जातीची रानटी यीस्टे आणि हवेचा शिरकाव झाल्यावर फोफावणारे ॲसेटोबॅक्टर हे जिवाणू या बिघाडाला मुख्यतः कारणीभूत असतात. म्हणून नाशिक परिसरातील असोत वा फ्रान्समधील, वाइन उत्पादकांना अखंड सालीची द्राक्षे निवडणे, रस थंड ठेवणे आणि पिंप काठोकाठ भरलेले ठेवणे या गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते.

इथिल ॲसिटेटचा जवळचा आप्त असलेल्या आयसोअमिल ॲसिटेटचा उल्लेख येथे टाळता येत नाही. त्याचा वास थेट केळ्याचा असतो आणि त्यासाठी लागणारे आयसोअमिल अल्कोहोल हे मद्यार्काच्या ऊर्ध्वपातनात उपपदार्थ म्हणून निघणाऱ्या फ्यूजेल तेलातून मिळते. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनात फळांची जी कृत्रिम सत्त्वे मांडली गेली होती त्यांत नासपतीचे म्हणून ठेवलेले सत्त्व अमिल ॲसिटेटचे होते आणि ऑगस्ट विल्हेल्म फोन हॉफमान या रसायनशास्त्रज्ञाने त्याची नोंद घेतली. पुढे १८८४ साली फ्रीडरिश फोन हेफ्नर-आल्टेनेक यांनी प्रकाशाच्या तीव्रतेचे प्रमाण ठरवण्यासाठी जो दिवा तयार केला त्यात हेच द्रव जाळले जाई, कारण ते शुद्ध स्वरूपात पुन्हा पुन्हा सारखेच मिळवता येत होते. ४० मिलिमीटर उंचीच्या ज्योतीचा हा दिवा जर्मनीत दीर्घकाळ प्रकाशमापनाचा आधार होता. मधमाशीने डंख मारताना जो धोक्याचा संदेश हवेत सोडला जातो त्याचाही एक प्रमुख घटक आयसोअमिल ॲसिटेट असल्याचे १९६२ साली दाखवले गेले. माणसाला पिकलेल्या केळ्याची आठवण देणारा रेणू माश्यांना हल्ल्याची हाक देतो, यावरून वासाचा अर्थ रेणूत नसून तो ओळखणाऱ्या प्राण्यात असतो हे स्पष्ट होते. इथिल ॲसिटेटचा फळगंध आला म्हणजे पदार्थ निरुपद्रवी, हा समज त्याच कारणाने निराधार आहे.

इथिल ॲसिटेट प्रथम तयार केल्याचे श्रेय फ्रान्समधील काउंट दे लोरागे यांना दिले जाते. त्यांनी १७५९ साली मद्यार्क आणि तीव्र ॲसेटिक आम्ल एकत्र ऊर्ध्वपातित करून ते मिळवले. परंतु रसायनशास्त्राच्या इतिहासात या पदार्थाला खरे महत्त्व आले ते शंभर वर्षांनी, मार्सेलँ बेर्तलो आणि पेआँ द सँ-झील यांच्या १८६२-६३ मधील प्रयोगांमुळे. त्यांनी ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल समान रेणुप्रमाणात बंद नळ्यांत ठेवले आणि किती आम्ल शिल्लक आहे ते वेळोवेळी मोजले, तेव्हा असे दिसले की अभिक्रिया सुरुवातीला चालते, मग मंदावते आणि दोनतृतीयांश आम्ल वापरले गेल्यावर पुढे सरकत नाही. उलट बाजूने, शुद्ध इथिल ॲसिटेट आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तर एकतृतीयांश एस्टर फुटून तेच प्रमाण गाठले जाते. अभिक्रिया थांबलेली नसते. एस्टर तयार होण्याचा आणि फुटण्याचा वेग सारखा झाल्यामुळे ती थांबल्यासारखी दिसते, आणि या स्थितीला साम्यावस्था म्हणतात. नॉर्वेतील काटो गुल्डबर्ग आणि पेटर वोगे यांनी १८६४ साली मांडलेल्या वस्तुमान-क्रियेच्या नियमाला, ज्यावर आजचे सारे रासायनिक समतोलाचे गणित उभे आहे, या मोजमापांचा भक्कम आधार होता. एका साध्या, सुवासिक आणि सहज हाताळता येणाऱ्या द्रवाने रसायनशास्त्राला इतका मूलभूत विचार द्यावा, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकली जाते याची खंत वाटावी इतकी ती महत्त्वाची आहे.

कारखान्यात मात्र दोनतृतीयांश उत्पादनावर समाधान मानता येत नाही. साम्यावस्थेच्या गणितानुसार एका रेणू आम्लामागे तीन रेणू इथेनॉल घेतले, तर सुमारे ९० टक्के आम्ल एस्टरमध्ये बदलते, पण मग उरलेले इथेनॉल वेगळे करण्याचा खर्च येतो. दुसरा मार्ग म्हणजे तयार होणारे एस्टर आणि पाणी सतत बाहेर काढत राहणे, जेणेकरून अभिक्रियेला साम्यावस्था गाठण्याची संधीच मिळू नये. एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी १८९५ साली तीव्र आम्लाच्या अल्प मात्रेने एस्टर तयार करण्याची पद्धत सर्वसाधारण रूपात मांडली, तिचाच कारखानी अवतार म्हणजे सल्फ्युरिक आम्लासारख्या उत्प्रेरकाच्या, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या, सान्निध्यात उंच मनोऱ्यात अखंड चालणारे ऊर्ध्वपातन. येथे खरी कसोटी लागते, कारण इथिल ॲसिटेट आणि इथेनॉल यांच्या उत्कलनांकांत जेमतेम एका अंशाचे अंतर आहे, आणि त्याहून कठीण बाब अशी की ही दोन्ही पाण्याबरोबर मिळून स्थिर प्रमाणाचे एक मिश्रण करतात, जे ७०.२ अंशांना एखाद्या शुद्ध पदार्थाप्रमाणे एकजिनसी उकळते व ज्याला अझिओट्रोप म्हणतात. त्यात साधारण ८३ टक्के एस्टर, ८ टक्के इथेनॉल आणि ९ टक्के पाणी असते आणि केवळ उकळून ते आणखी वेगळे होत नाही. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावरून आलेली वाफ थंड करून तिच्यात जास्तीचे पाणी मिसळले जाते. त्यामुळे इथेनॉल पाण्याच्या थराकडे ओढले जाते, एस्टरचा थर वर सुटा होतो आणि तो पुढच्या मनोऱ्यात पुन्हा ऊर्ध्वपातित करून कोरडा केला जातो. पाण्याचे थर परत पहिल्या टप्प्याकडे वळवून त्यांतील इथेनॉल वाया जाऊ दिले जात नाही.

इतर मार्गही आहेत. रशियन रसायनशास्त्रज्ञ व्याचेस्लाव तिश्चेन्को यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियेत ॲसिटाल्डिहाइडचे दोन रेणू ॲल्युमिनियमच्या अल्कॉक्साइडाच्या मदतीने थेट जोडले जातात आणि पाणी तयारच होत नाही. इथिलीन वायू ॲसेटिक आम्लाशी जोडण्याची आणि इथेनॉलमधून हायड्रोजन काढून घेण्याची प्रक्रियाही मोठ्या प्रमाणावर चालवली गेली आहे. कोणता मार्ग परवडतो हे त्या देशात इथेनॉल, इथिलीन आणि ॲसेटिक आम्ल यांपैकी काय स्वस्त आहे यावर ठरते.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, या प्रश्नाचे उत्तर उसाने दिले. साखर कारखान्यात साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारी काळपट, दाट मळी यीस्टने आंबवली आणि आसवनीत ऊर्ध्वपातित केली की इथेनॉल मिळते. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलोग्रॅम मळी आणि एक टन मळीमागे सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर इथेनॉल असा ढोबळ हिशेब धरला, तर एक टन इथिल ॲसिटेटला लागणाऱ्या सुमारे ६६० लिटर इथेनॉलसाठी साठ ते सत्तर टन उसाची मळी खर्ची पडते. अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी, पुणे जिल्ह्यातील नीरा परिसर आणि रायगड जिल्ह्यातील महाड येथील रासायनिक उद्योगांत इथिल ॲसिटेट तयार होते, आणि यांतील पहिली दोन ठिकाणे उसाच्या पट्ट्यातच आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वी या उद्योगात एस्टरचे दोन्ही अर्धे उसातूनच येत: इथेनॉलचा एक भाग तापवलेल्या चांदीच्या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचे ॲसिटाल्डिहाइड केले जाई, त्याचे हवेतील ऑक्सिजनने ॲसेटिक आम्ल बनवले जाई आणि ते उरलेल्या इथेनॉलशी जोडले जाई.

ही स्वयंपूर्ण साखळी टिकू शकली नाही, याचे कारण मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने ॲसेटिक आम्ल तयार करण्याची १९७० पासून व्यापारी वापरात आलेली प्रक्रिया. नैसर्गिक वायू किंवा कोळसा यांपासून बनणारे हे आम्ल इतके स्वस्त पडते की भारतातील एस्टर उद्योगाला ते मोठ्या प्रमाणात आयात करणे सोयीचे वाटते. त्यामुळे आज भारतात तयार होणाऱ्या बहुतेक इथिल ॲसिटेटच्या रेणूतील दोन कार्बन अणू शेतातून आणि दोन भूगर्भातून आलेले असतात. हा भेद केवळ कल्पनेतला नाही, कारण नुकत्याच वाढलेल्या वनस्पतीतील कार्बनमध्ये कार्बन-१४ हे किरणोत्सर्गी रूप अत्यल्प प्रमाणात असते, तर लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या इंधनात ते क्षय पावून संपलेले असते; ते मोजून नमुन्यातील वनस्पतिजन्य वाटा प्रत्यक्ष ठरवता येतो. संपूर्ण वनस्पतिजन्य एस्टरला परदेशी बाजारात मागणी असली तरी त्याची किंमत अधिक असते, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे ज्या इथेनॉलवर रसायन उद्योग उभा राहिला त्याच्यासाठी इंधन कंपन्यांशी स्पर्धा करण्याची वेळ या उद्योगावर आली आहे. उसाच्या अर्थकारणाची चर्चा साखर, मद्य आणि इंधन या तिघांभोवतीच फिरते. रासायनिक उद्योगाचा चौथा वाटा त्या चर्चेत अभावानेच दिसतो, आणि ते योग्य नाही.

उपयोगांपैकी सर्वांत मोठा वाटा लेप, शाई आणि चिकटद्रव्ये यांचा आहे. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारे द्रव्य, इथिल ॲसिटेटमध्ये चांगले विरघळते, आणि नेलपॉलिश तसेच लाकडाचे लॅकर यांचा तो पूर्वापार पाया आहे. अशा लेपात एकच विद्रावक वापरणे इष्ट नसते. इथिल ॲसिटेट त्याच्याहून मोठ्या ब्युटिल ॲसिटेटच्या साधारण चौपट वेगाने उडते आणि उडताना दर ग्रॅममागे सुमारे ३६० ज्यूल उष्णता पृष्ठभागातून ओढून घेते. लेप थंड पडतो, हवा दमट असेल तर त्याच्यावर बाष्प जमते, आणि ते पाणी आत शिरून नायट्रोसेल्युलोज साकळले की चकाकीऐवजी पांढुरका धुरकट पापुद्रा दिसू लागतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लाकडाला लॅकर मारताना हा दोष चटकन उद्भवतो आणि त्यावरचा उपाय म्हणजे मिश्रणात ब्युटिल ॲसिटेटसारख्या सावकाश उडणाऱ्या द्रवाचे प्रमाण वाढवून पृष्ठभागाला एकदम थंड होऊ न देणे.

खाद्यपदार्थांच्या लवचीक पाकिटांच्या उद्योगात इथिल ॲसिटेटचे स्थान याहून महत्त्वाचे आहे. मसाले, फरसाण, चहा यांची पाकिटे दिसायला एकपदरी वाटली तरी त्यांत छपाई पेलणारा, हवा व ओल अडवणारा आणि उष्णतेने मिटवता येणारा असे निरनिराळ्या प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात, व ते पॉलियुरेथेन जातीच्या दोन घटकी चिकटद्रव्याने जोडलेले असतात. चिकटद्रव्य इथिल ॲसिटेटमध्ये पातळ करून एका पापुद्र्यावर पसरवतात, गरम हवेच्या बोगद्यातून नेऊन विद्रावक उडवून लावतात आणि मग दुसरा पापुद्रा दाबून बसवतात. या चिकटद्रव्यातील आयसोसायनेट हा घटक पाणी आणि अल्कोहोल या दोहोंशीही अभिक्रिया करतो. म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात अझिओट्रोपमधून पुरते न निघालेले इथेनॉल किंवा पाणी विद्रावकात उरले, तर ते जोड पक्का करण्यासाठी ठेवलेले आयसोसायनेट खाऊन टाकते आणि पाकिटाचे पापुद्रे पुढे सुटू लागतात. या कामासाठी म्हणूनच ओल आणि अल्कोहोल अत्यंत कमी असलेला विशेष दर्जा मागवला जातो. याच क्षेत्रात पूर्वी टोल्युईनचा वापर होता, पण मज्जासंस्थेवरील त्याच्या दुष्परिणामांमुळे तो मागे पडत गेला आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरील शाईसाठी असलेल्या आयएस १५४९५ या भारतीय मानकाच्या २०२० सालच्या आवृत्तीने तो वगळला. त्याची जागा घेणाऱ्यांत इथिल ॲसिटेट अग्रभागी आहे. तरीही तयार पाकिटात विद्रावक किती उरला आहे हे वायू-वर्णलेखन यंत्राने तपासावे लागते, कारण तेलकट फरसाण उरलेली वाफ सहज शोषून घेते आणि चवीत तो परका गोडसरपणा लगेच कळतो.

औषधनिर्मितीत हा पदार्थ विश्वासार्ह मानला जातो. औषधांतील विद्रावकांच्या अवशेषांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याचा समावेश सर्वांत कमी धोकादायक अशा तिसऱ्या वर्गात असून दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंतचा अवशेष स्वीकारार्ह धरला जातो. प्रतिजैविकांच्या बाबतीत एस्टरांचा इतिहास फार मोलाचा आहे: १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे नॉर्मन हीटली यांनी बुरशीच्या पातळ रसातून पेनिसिलिन वेगळे काढण्याची जी युक्ती शोधली, तीत आम्लधर्मी केलेला रस आधी ईथरबरोबर आणि पुढे अमिल ॲसिटेटबरोबर हलवला जाई. आम्लधर्मी पाण्यात पेनिसिलिनच्या रेणूवर विद्युतभार राहत नाही, त्यामुळे तो एस्टरमध्ये जातो, आणि किंचित अल्कधर्मी पाण्याशी गाठ पडली की भार घेऊन पुन्हा पाण्यात उतरतो. मधल्या वाटेत बहुतेक मळ मागे राहतो. कॉफीतील कॅफीन काढून टाकण्यासाठीही इथिल ॲसिटेट वापरतात, आणि कोलंबियात उसापासूनच्या इथेनॉलने बनवलेले एस्टर घेऊन ही प्रक्रिया केली जाते. कीटकशास्त्रज्ञ नमुने मारण्याच्या बाटलीत त्याचे काही थेंब टाकतात, कारण त्याच्या वाफेने मेलेले भुंगे ताठरत नाहीत आणि त्यांचे पाय व पंख नीट मांडता येतात. मात्र ती बाटली काचेची असावी लागते, पॉलिस्टायरिनची असेल तर ती स्वतःच विरघळू लागते.

ज्या बंधाने आम्ल आणि अल्कोहोल जोडले जातात तो पाण्याने पुन्हा तुटतो, हा एस्टरचा मूलभूत दुबळेपणा आहे. शुद्ध पाण्यात ही क्रिया फार संथ असते. आम्ल तिला वेग देते आणि अल्क तर ती पूर्णत्वाला नेते, कारण तुटून निघालेले ॲसेटिक आम्ल लगेच क्षारात बदलल्यामुळे परतीची वाट बंद होते. साबण बनवताना तेलाचे जे होते तेच हे असल्याने तिला साबणीकरण म्हणतात, आणि इथिल ॲसिटेटचे सोडियम हायड्रॉक्साइडने होणारे साबणीकरण हा द्वितीय कोटीच्या अभिक्रियेचा, म्हणजे जिचा वेग दोन्ही पदार्थांच्या संहतीवर अवलंबून असतो अशा अभिक्रियेचा, नेहमीचा प्रयोग विज्ञान शाखेचे विद्यार्थी आजही करतात. शरीरात गेलेल्या इथिल ॲसिटेटचीही हीच गत होते: रक्तातील आणि यकृतातील एस्टरेज विकरे काही मिनिटांत त्याचे इथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल करतात, आणि हे दोन्ही पदार्थ शरीराच्या नित्य रसायनात सामावून जातात. त्याच्या सौम्यतेचे कारण हे आहे. पण वाफ दाट असेल तर डोळे व घसा चुरचुरतो, डोके जड होते, गुंगी येते, आणि त्वचेतील नैसर्गिक तेल धुतले जाऊन हात कोरडे पडून भेगाळतात. कामाच्या ठिकाणच्या हवेत दशलक्ष भागांमागे ४०० भाग ही मर्यादा अनेक वर्षे प्रचलित आहे. युरोपीय संघाने २०१७ साली ती २०० वर आणली. नाकाला वास यापेक्षा कितीतरी कमी प्रमाणात येतो, परंतु तासाभराने नाक सरावते आणि वास गेल्यासारखा वाटतो, म्हणून नाकावर विसंबणे चुकीचे आहे.

आगीचा धोका हा मात्र कोणत्याही अर्थाने सौम्य नाही. द्रवावरची वाफ ठिणगीने क्षणभर पेटू शकेल असे किमान तापमान उणे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत हा द्रव पेटण्यास सदैव तयार असतो. हवेत त्याच्या वाफेचे प्रमाण २ ते ११.५ टक्के असताना मिश्रण स्फोटक असते. २० अंशांना बंद पिंपातील मोकळ्या जागेत वाफेचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचते, ते या पट्ट्यात बसते. पेट्रोलच्या टाकीतील वाफ याच तापमानाला एवढी दाट असते की ती बहुधा पेटण्याच्या मर्यादेपलीकडे जाते, पण इथिल ॲसिटेटच्या अर्धवट रिकाम्या पिंपाला हिवाळ्यातील सकाळी ही सवलत नसते. सांडलेले एक लिटर द्रव पूर्ण उडाले तर सुमारे १२ घनमीटर हवा, म्हणजे एक लहान खोलीभर हवेचा बराचसा भाग, पेटण्याजोगी होऊ शकते. वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गटारात व खड्ड्यांत साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचून आग मागे घेऊन येऊ शकते. म्हणून हवा खेचणाऱ्या जाळ्या छताशी न बसवता जमिनीजवळ बसवाव्या लागतात, ओतताना पिंप व भांडे तारेने जोडून भूसंपर्कित करावे लागते, आणि रबर किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या निवडताना त्या या द्रवात फुगतात का हे आधी पाहावे लागते. लहान घरगुती उद्योगांत, जेथे नेलपॉलिश किंवा चिकटद्रव्य बंदिस्त खोलीत भरले जाते, या साध्या गोष्टींची माहिती पोहोचणे फार निकडीचे आहे.

जमिनीवर किंवा पाण्यात सांडलेले इथिल ॲसिटेट जिवाणू लवकर पचवतात आणि ते सजीवांच्या शरीरात साठत नाही. हवेत गेलेली वाफ मात्र सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांसह जमिनीलगतच्या ओझोनच्या निर्मितीला हातभार लावते, आणि वेष्टनांच्या मोठ्या कारखान्यातून ती टनावारी निघत असल्यामुळे ती पकडून परत वापरणे पैशाच्या दृष्टीनेही फायद्याचे असते. वाफ सक्रियित कोळशाच्या थरावर शोषून घेऊन मग पाण्याच्या वाफेने सोडवणे ही इतर विद्रावकांसाठी रुळलेली पद्धत येथे अडते, कारण गरम पाणी आणि कोळशाचा पृष्ठभाग यांच्या संगतीत एस्टरचा काही भाग फुटतो व सुटलेले ॲसेटिक आम्ल पोलादी टाक्या कुरतडते. शिवाय मिळालेले द्रव पाण्याने भिजलेले असल्यामुळे आयसोसायनेटच्या कामाला ते पुन्हा कोरडे करावे लागते. त्यामुळे ज्यांना मोठा खर्च पेलतो असे कारखाने पाण्याच्या वाफेऐवजी तापवलेला नायट्रोजन वायू कोळशावरून फिरवतात आणि सोडवलेले एस्टर थंड करून थेट चिकटद्रव्याच्या टाकीत परत पाठवतात, तर काहींनी जेथे पाकिटाला फार ताण सोसायचा नसतो तेथे विद्रावकच न लागणारी चिकटद्रव्ये स्वीकारली आहेत.